आली, परत आली, माघारी आली

आत्मकथनातलं प्रकरण म्हटल्यावर तुम्ही कंदील शोधायला लागला असाल. ठेवून द्या. आमच्याकडे लाईट होती. अनवाणी शाळेत गेलो नाही, बूट होते, फक्त एका बुटाला भोक होतं आणि तेही मीच गणिताच्या तासाला कंपासच्या टोकानं पाडलेलं. आईनं स्वतः उपाशी राहून मला भरवलं वगैरे काही नाही. आई माझ्याआधी जेवायची आणि बोंबलाचा मधला तुकडा स्वतःच्या ताटात घ्यायची. नकला करणारा पोरगा म्हटल्यावर पुढे स्टेज, टाळ्या, मग दारू, मग पश्चात्ताप, असलंही काही येणार नाही. मी आज मेडिकलच्या दुकानात बसतो. कोणी खोकल्याचं औषध न्यायला आला की त्याचा खोकला नीट ऐकून घेतो आणि तो गेल्यावर तसाच खोकून दाखवतो. दुकानातला पोरगा हसतो. एवढंच माझं करिअर. तेव्हा रुमाल घेऊन बसलेल्यांनी रुमाल घडी करून ठेवावा. ह्या प्रकरणात एक बाई एका घरातून निघून दुसऱ्या घरात येते, बस. फक्त ती नेमकी काय करून आली ह्याला प्रत्येकाकडे वेगळा शब्द होता, आणि ते सगळे शब्द मी गोळा करत बसलो होतो.

आमचं घर भाईंदरजवळच्या राई गावात. एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला यायला लागलेल्या बिल्डिंगा आणि मधे आम्ही. आजोबा मिठागरावर होते. बाबांच्या वाट्याला खाऱ्याऐवजी गोडं पाणी आलं, ते पाणीखात्यात व्हॉल्वमन होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची, जोर लावून फिरवायची, की ह्या गल्लीतलं पाणी बंद आणि त्या गल्लीत चालू. त्यामुळे अर्धं भाईंदर बाबांना रस्त्यात अडवून एकच विचारायचं, पाणी परत कधी येणार. बाबा म्हणायचे, येईल. सकाळी की संध्याकाळी, आज की उद्या, काही नाही. नुसतं येईल. घरातही तेच. मला नवीन शर्ट येईल, पंखा रिपेअर होऊन येईल, आजोबांच्या जमिनीच्या केसचा निकाल येईल. आई म्हणायची, ह्यांच्या तोंडाला पण कोणीतरी चावी लावायला पाहिजे. बोलायच्या आधी बाबा घसा खाकरायचे, तोही तीन हप्त्यांत. एक लहान, एक मोठा, मग थोडा वेळ शांतता, मग तिसरा. तिसऱ्यानंतर कधी वाक्य यायचं, कधी नुसताच चहाचा कप उचलला जायचा. ती नक्कल मला सगळ्यात आधी जमली. दुसरी नक्कल आमच्या नळाची. पाणी यायच्या आधी नळ खोकायचा, दोनदा थुंकायचा, मग बारीक शिट्टी मारायचा. मी बाथरूमच्या दाराशी उभा राहून तेवढं करायचो आणि आई दोन्ही हातात हंडे घेऊन धावत यायची. मार मिळायचा, पण आधी आई हसायची आणि मग मारायची, म्हणून परवडायचं.

नक्कल करायला गळा लागतो असं लोकांना वाटतं. गळा शेवटी लागतो. आधी लागतो कान, आणि कानानं आवाज कमी ऐकायचा, शब्द जास्त. माणूस कुठला शब्द उचलतो आणि कुठला बाजूला ठेवतो, ह्यावर अर्धी नक्कल होते, बाकी अर्धी भुवयांवर. आमचे मराठीचे सर फळ्यावर समानार्थी शब्द लिहून द्यायचे आणि मग त्या शब्दांवरच चिडायचे. म्हणायचे, समानार्थी म्हणजे सेम टू सेम नाही रे गाढवांनो. परतला तो काम उरकून आला, माघारी आला तो न उरकता आला, आणि मागे फिरला तो तर पोचलाच नाही. तिघं एकाच दारात उभे आहेत, पण तिघांना पाणी विचारताना तुमच्या आईचा चेहरा वेगवेगळा असतो की नाही? असं म्हणून ते नाकातून लांब श्वास सोडायचे. मी वर्गात तो नाकातला श्वास तेवढा करून दाखवायचो आणि पोरं बाकं बडवायची. सर काय सांगतात ह्याच्याशी मला काही घेणंदेणं नव्हतं.

मग एका संध्याकाळी, दिवे लावायच्या वेळेला, बेबीआत्या आली. बेबीआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, चेण्याला दिलेली. चेणं म्हणजे घोडबंदर रोडच्या कडेचं, मागे जंगल, पुढे हॉटेलांचे बोर्ड. आमच्याकडून तिथे जायचं म्हणजे तेव्हा दोन रिक्षा आणि मधे काशिमिऱ्याच्या सिग्नलला अर्धं आयुष्य. ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्या हातात फक्त जेवणाचा डबा होता. पिशवी नाही, कपडे नाहीत, पोराबाळांचा तर प्रश्नच नव्हता कारण पोरबाळ झालेलं नव्हतं. आईनं डब्याकडे बघितलं, मग आत्याच्या पायांकडे बघितलं, आणि काही न विचारता म्हणाली, भाकऱ्या टाकतेच हाय, बस. आत्या बसली नाही. तिनं डबा मोरीत धुतला, पालथा घातला आणि परातीपुढे बसून पिठाला हात लावला. त्या रात्री सुकटीचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती, आणि भाकरी थापायच्या दोन वेगवेगळ्या लयी एकाच वेळी ऐकू येत होत्या. आईची थाप-थाप-थाप, आणि आत्याची दोन थापा मग एक गिरकी. बाबा कामावरून आले, बहिणीला बघितलं, घसा तीनदा खाकरला आणि म्हणाले, आलीस. तीही म्हणाली, आले. संपलं संभाषण. आमच्या खानदानात एवढ्यात तीन माणसांची बारशी उरकतात.

काय झालं होतं ते तुकड्यातुकड्यानं कळलं, आणि मला ते पडद्याआडून कळलं, कारण पुढचा हॉल आणि स्वयंपाकघर ह्यांच्या मधल्या दाराला दार नव्हतं, आईच्या जुन्या साडीचा पडदा होता. त्या पडद्यात उभं राहून दोन्हीकडचं ऐकणं हे माझं शिक्षण. तर आत्या काही महिन्यांपासून हाटकेशला एका गाळ्यात कामाला जायला लागली होती. इमिटेशन दागिन्यांचं पॅकिंग. कार्डावर कानातले टोचायचे, वर प्लास्टिक. चेण्याच्या मामांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, ते पसंत नव्हतं. सासूलाही नव्हतं. भांडण असं नव्हतं. मामा भांडणारा माणूसच नव्हता, तो टीव्ही बघणारा माणूस होता. फक्त त्या संध्याकाळी आत्या कामावरून घरी गेली तर गेटला आतून कुलूप. तिनं कडी वाजवली. आत टीव्ही चालू होता, माणसं बसलेली खिडकीतून दिसत होती, मामा तर सरळ समोर. कोणी उठलं नाही. तिनं परत वाजवली. मामानं टीव्हीचा आवाज वाढवला. मग ती वळली आणि रिक्षात बसली. एवढंच. आईला सांगताना तिनं टीव्हीवर कुठली सिरियल होती तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून शब्दांचा धंदा सुरू झाला. आई सार्वजनिक नळावर म्हणाली, ननंद माहेरपणाला आयलीय. शेजारच्या हिराकाकीनं कळशी बाजूला ठेवून विचारलं, पिशवी न्हाय दिसली गो, माघारी आयली का? आई म्हणाली, माहेरपणाला. हिराकाकी म्हणाली, तेच ते. तेच ते नव्हतं हे दोघींना माहीत होतं. नाक्यावरच्या गुजराती शेठकडे मी साखर आणायला गेलो तर त्यानं पुडी बांधता बांधता विचारलं, बेन पाछा आव्या? त्याच्या तोंडी ते अगदी साधं होतं, पतंग उडाला आणि खाली आला, तसं. रिक्षावाला, जो तिला रोज सकाळी स्टेशनपर्यंत न्यायचा, तो संध्याकाळी विचारायचा, वापस घर ना मॅडम? आत्या म्हणायची, हां. कुठलं घर ते त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. चेण्याहून फोन आला तेव्हा तिकडचा शब्द वेगळाच होता: निघून गेली. तिकडून बघितलं तर ती आलेलीच नव्हती, नुसती गेलेली होती, आणि आता तिला ‘परत पाठवा’ असं होतं, बदलून घ्यायच्या मिक्सरसारखं. आजोबा असते तर म्हणाले असते, वळली पोर. ते भरतीच्या पाण्याला तसं म्हणायचे, पाणी वळलं, आणि त्यात दोष कोणाचाच नसायचा. गणपतीला आपण हात जोडून पुनरागमनाय च म्हणतो, वाजतगाजत म्हणतो. आत्याच्या वेळी फटाके फोडल्याचं मला आठवत नाही.

आणि बाबा. बाबांना सगळे विचारायचे, बहीण किती दिवस आहे? बाबा म्हणायचे, हाय. ह्या एका शब्दावर त्यांनी सगळ्या भाईंदरला परतवून लावलं.

मी हे सगळं रात्री जेवताना करून दाखवायचो. हिराकाकीची मान, शेठची पुडीची गाठ, रिक्षावाल्याचं आरशात बघणं. आई तोंडात पदर कोंबून हसायची. आत्याही हसायची, पण ती घास संपवून मग हसायची, त्यामुळे तिचं हसणं सगळ्यांच्या नंतर यायचं, एकट्यानं. आज सांगायला सोपं आहे, पण तेव्हा मला वाटायचं की ती उशिरा समजते. ती सकाळी आईच्या आधी उठून आपला डबा भरायची, हाटकेशला जायची, येताना कधी जवळा आणायची, कधी कोथिंबीर, कधी कार्डावरून पडलेले एकटे कानातले माझ्या हातावर ठेवायची, नक्कल करताना घाल म्हणून. रविवारी दुपारी कुठेतरी जायची. मैत्रिणीकडे, म्हणायची. आई विचारायची, कुठली मैत्रीण, तर म्हणायची, गाळ्यातली. असे बरेच रविवार गेले.

आता इथे एक रीत सांगायला लागते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात लग्न झालेली लेक माहेरी आली, की ती आपल्या पायानं सासरी परत जात नाही. सासरचं माणूस न्यायला यायला पाहिजे. ते आले की हॉलमध्ये बसतात, बायका आत. चहा होतो. मग घरचा पुरुष हॉलमधूनच आत आवाज देतो, वटी भरा गो. वटी म्हणजे ओटी. तांदूळ, नारळ, हळदकुंकू आणि ब्लाउजपीस घातलेलं ताट तयारच असतं. ते बाहेर आलं, लेकीच्या पदरात पडलं, की विषय संपला. त्यानंतर ती त्या घरात पाणीसुद्धा पीत नाही, सरळ निघते. आणि द्यायची नसेल तर? तर नाही असं कोणी कोणाच्या तोंडावर बोलत नाही. ताटाच्या जागी दुसऱ्यांदा चहा येतो, बस. दुसरा चहा आला की शहाण्या पाहुण्यानं तो प्यायचा आणि चपला शोधायच्या. ह्यात बाई कुठेच बोलत नाही. तिला न्यायचं की ठेवायचं हे ताट आणि कप ठरवतात.

निरोप आला की रविवारी चेण्याची माणसं येतायत. आईनं बाबांना विचारलं, काय करायचं? बाबा म्हणाले, बघू. आई म्हणाली, बघू म्हणजे ताट काढू का नको? बाबा बराच वेळ चावीला तेल लावत बसले. मग म्हणाले, काढून तर ठेव. आईनं हे स्वयंपाकघरात येऊन सांगितलं तेव्हा आत्या तिथेच होती. तिनं डब्यातले तांदूळ सुपात घेतले आणि स्वतःच्या वटीचे तांदूळ स्वतःच निवडायला बसली. आई म्हणाली, ठेव गो, मी करते. आत्या म्हणाली, खडे हायत त्यात. गेटला कुलूप लावणाऱ्या घरात ती परत जाणार की इथे राहणार, हे एका माणसाच्या तिसऱ्या खाकरण्यावर येऊन थांबलं होतं, आणि तो माणूस माझा बाप होता. मी नळाची नक्कल केली. कोणी हसलं नाही.

रविवारी चार वाजता ते आले. मामांचे थोरले भाऊ, आणि आमच्याच गावातले तात्या, ज्यांनी हे लग्न जमवलेलं. मामा स्वतः आले होते पण आत आले नाहीत. ते नाक्यावर गाडीत बसले होते, एसी लावून. मी बर्फ आणायच्या निमित्तानं जाऊन बघून आलो. गाडी आधीच वळवून लावलेली, तोंड चेण्याकडे, मागची सीट झाडून रिकामी केलेली. मामांनी काच खाली करून मला विचारलं, काय रे, बारावीचा अभ्यास काय बोलतो? मी म्हटलं, येईल. ते हसले नाहीत, त्यांना कळलंच नाही.

हॉलमध्ये आधी माझ्याच नकला झाल्या. थोरले म्हणाले, ऐकलंय तू लय भारी आवाज काढतो, काढ बघू एखादा. मी हिराकाकी केली, शेठ केला. तात्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. मग पहिला चहा झाला, मला आत पिटाळलं आणि मी पडद्यात माझ्या जागेवर उभा राहिलो. बाबांची खुर्ची पडद्याला लागूनच होती, हात काढला तर त्यांच्या खांद्याला लागला असता. थोरले बोलायला लागले. झालं गेलं ते झालं. गेट चुकून लागला, आई म्हातारी, तिला कुलपाचं कळत नाही. बाईमाणसानं तेवढ्यावरून उठून यायचं म्हणजे कसं. कामाचं म्हणाल तर आम्ही उपाशी ठेवलंय का तिला. हे सगळं त्यांनी मऊ आवाजात म्हटलं, शर्टाच्या खिशातला मोबाईल कुरवाळत. तात्या मधे मधे हो ना, हो ना करत होते. बाबा कानात चावीच्या जुडग्यातली बारीक चावी फिरवत होते. मी मागे वळून आत बघितलं. आई गॅसपाशी. ओट्यावर ताट, त्यात नारळ, नारळाला कुंकू लावून झालेलं. आत्या ताटापाशी उभी, पदर कमरेला खोचलेला.

मग तात्या म्हणाले, चला, उजेड हाय तोवर निघू. दे आत आवाज.

बाबांनी पडद्याकडे मान वळवली. पहिला खाकरला. दुसरा खाकरला. मग ती मधली शांतता. तुम्ही कधी नक्कल केली असेल तर तुम्हाला माहीत असेल, की दुसऱ्याची लय एकदा अंगात बसली की ती आपल्याला थांबू देत नाही. गाडीचा दुसरा गिअर पडला की हात आपोआप तिसऱ्याकडे जातो तसं होतं. बाबांचा तिसरा खाकरा आलाच नाही. ते पडद्याकडे तोंड करून नुसते बसले होते, ओठ थोडे उघडे, आणि वाक्य कुठलंच नव्हतं. तिसरा मी खाकरला. आणि त्याच्या मागोमाग, बाबांच्याच आवाजात, बाबांच्याच जाडीचं, माझ्या तोंडातून निघालं:

“वटी ऱ्हाऊ दे गो. चहा आन अजून एकदा.”

आत कपबश्या वाजल्या. पडद्याच्या फटीतून मला बाबांचा एक डोळा दिसत होता आणि त्यांना माझा एक दिसत असणार. मी मनातल्या मनात चप्पल कुठे काढलीय ते आठवत होतो, पळायला. बाबांनी मान हळूच पाहुण्यांकडे वळवली. तेवढ्यात आई ट्रे घेऊन बाहेर गेली. ताट नाही, तीन कप. बाबांनी एक उचलला, बशीत ओतला, फुंकर मारली.

“च्या घ्या,” ते म्हणाले. हे त्यांचं स्वतःचं होतं.

थोरल्यांनी कपाला हात लावला नाही. “म्हणजे ठेवून घेताय तर,” ते म्हणाले. हा आणखी एक शब्द, माझ्या यादीत नव्हता. बाबा बशीतला चहा पीत होते. तात्यांनी आपला कप एका घोटात संपवला, कारण तात्यांना दोन्हीकडे जेवायचं असायचं, आणि चपला शोधायला उठले. थोडा वेळ गेला आणि नाक्यावरून गाडी गेल्याचा आवाज आला. आधीच वळवून ठेवलेली होती, त्यामुळे वेळ लागला नाही.

मग मी वाट बघत बसलो, मार कधी मिळतो त्याची. बाबांनी बशी खाली ठेवली, कोपऱ्यातली लांब चावी खांद्यावर टाकली आणि पाणी सोडायला निघून गेले. रविवारी त्यांची ड्युटी नसायची. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि तो विषय पुढे कधी काढला नाही. आई कप उचलायला आली आणि जाता जाता तिनं माझा कान असा पिरगाळला की तो अजून थंडीत दुखतो. हळू आवाजात म्हणाली, “तुझा बाप अजून एकदा नाय बोलत, आनकी बोलतो. मी काय काल आयली ह्या घरात?” आणि कप घेऊन गेली. म्हणजे तिनं ओळखलं होतं. ओळखून गॅसवरचा चहा कपांत ओतला होता. मला तेव्हा माझं एवढं कौतुक वाटलं की कानाचं काही वाटलं नाही. बाप गप्प, आई सामील, पाहुणे पळाले, आत्या वाचली. मी जवळजवळ नाचतच स्वयंपाकघरात गेलो, शाबासकी घ्यायला.

आत्या ताटातला नारळ पुसत होती. कुंकू जाता जात नव्हतं.

“इकडं ये,” ती म्हणाली. मी गेलो. “हे तांदूळ डब्यात वत. सगळे. सांडू नको.” मी ओतायला लागलो आणि तिनं सुरुवात केली. आवाज न चढवता, नारळ पुसत पुसत, जसं काही भाजीचं सांगतेय.

“तुना कोनी सांगितलेलं रं? मी पदर खोचून उभी व्हती, दिसली न्हाय? कशाला उभी व्हती, चहा गाळायला? दादा तिसऱ्यांदा खाकरला की मी भायेर येनार व्हती. चौघांच्या समोर. आमच्या घरात कुठली बाई आली न्हाय तशी मी येनार व्हती आणि बोलनार व्हती की मी चेण्याला न्हाय जात. आणि हितं पन न्हाय ऱ्हात. हाटकेशला गाळ्याच्या मागं खोली बघितलीय मी. मैत्रीण आणि मी, दोघी. एवढे रविवार कुठं जायची मी, पिक्चरला? पाठ केलेलं मी सगळं, तांदूळ निवडता निवडता. आणि तू मधे तोंड घातलास.”

मी म्हटलं, पण आत्या, तू वाचलीस ना. ते म्हणायला नको होतं.

“कोन वाचलं? आता चार मानसांत तुज्या बापानं मना ठेवून घेतली. तात्या आता गावभर सांगंल. आता मी उद्या ह्या घराच्या भायेर पाय टाकला तर काय बोलतील? भाऊ ठेवत व्हता, भावानं सासरच्यांना चहा पाजून परत धाडलं, आणि हीच पळाली. दादाचा शब्द पडंल. त्यानं तोंड उघडून दिलेला एक शब्द, जन्मात पहिला, आणि तो पन त्यानं दिलेलाच न्हाय. आता तो पडू देऊ मी? ती खोली काय माझ्यासाठी थांबनार हाय?”

ती खोली थांबली नाही, पुढे दुसऱ्या कोणीतरी घेतली, आणि आत्या आमच्याकडे बरीच राहिली. पण ते तेव्हा मला माहीत नव्हतं. तेव्हा मी डब्याचं झाकण लावत होतो आणि ते लागत नव्हतं.

“हसवायचं तर हसव लोकांना, मी कधी नको बोलली?” आत्या म्हणाली. तिनं नारळ फळीवर ठेवला, हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “बापाचा आवाज काढतोस, हिराकाकीचा काढतोस, त्या शेठचा, रिक्षावाल्याचा. नळाचा काढतोस. मी एवढे दिवस तुमच्यात बसून जेवतेय. मी काय बोलते ते ऐकलंस कधी?”